फोटोतला जानू

जीप महाडात शिरली तेव्हा दहाला पाच कमी होते आणि काशीरामने कपाळावरचा घाम चौथ्यांदा पुसला होता. आधीच्या तीन वेळा बनुआत्याने मोजल्या होत्या.

"काय रे काश्या," मागच्या सीटवरून ती म्हणाली, "पुतळा जानूचा हाय, तुजा नाय. तू कशाला येवढा घामाघूम?"

त्याची बायको सोनाली फसकन हसली. गाडी चालवणारा अक्षयही बापाकडे बघून हसला. त्याची आई ठकूबाई मात्र खिडकीबाहेर बघत राहिली.

काशीरामने रुमालाची घडी करून खिशात ठेवली. आत्याचं बोलणं कुठे चुकतंय, हे जीपमधल्या पाच माणसांत आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे असं तो सव्वीस वर्षं समजत आला होता.

काम तसं अर्ध्या तासाचं होतं. पोलादपूरच्या वर, आंबेकोंड या त्यांच्या डोंगरवाडीच्या फाट्यावर, जिथे एसटी वळते तिथे त्याचा धाकटा भाऊ जनार्दन महिपत उतेकर याचा अर्धपुतळा १५ ऑगस्टला बसायचा होता. जानू १९९९च्या ३ जुलैला कारगिलच्या लढाईत गेला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. मूर्तिकार दीपेशने मातीचा चेहरा तयार ठेवला होता. त्याचा निरोप स्पष्ट होता: रविवारी घरच्यांनी यावं, चेहरा बघावा, आईचा अंगठा आणि भावाची सही द्यावी. सोमवारी साचा निघेल, मग ब्राँझ ओतायला जाईल. 'एकदा साचा निघाला की नाक लांब वाटतंय म्हणून फोन करू नका,' असंही त्याने अक्षयला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं.

दीपेशचा कारखाना म्हणजे त्याच्या वडिलांचा गणपतींचा कारखाना. मे महिना असल्यामुळे दीडदोनशे गणपती भिंतीपर्यंत रांगेने बसले होते, पांढरेफटक, डोळ्यांची आखणी व्हायची राहिलेले. भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या हातभर वर लाल रंगाची एक रेघ होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, 'जुलै २०२१'. सावित्रीचं पाणी तिथवर आलं होतं. त्या रेघेकडे पाठ करून, हातात चहाचा थर्मास घेऊन सारिका उभी होती. काशीरामची आणि जानूची धाकटी बहीण. तिचं सासर दोन गल्ल्या पलीकडे.

तिने पाठ केली होती त्याला कारण होतं. जानूची पत्र्याची पेटी तिच्याकडे होती. आंबेकोंडावर पावसाळ्यात डोंगर खाली येईल या भीतीने घरच्यांनी ती पेटी महाडात आणून ठेवली, आणि पुढच्याच पावसाळ्यात पाणी वर आलं. आतली पत्रं, भरतीच्या वेळचे पासपोर्ट फोटो, पलटणीतल्या दोस्तांबरोबरचा एक फोटो, सगळ्याचा लगदा झाला. वाचला तो आंबेकोंडाच्या घरातला भिंतीवरचा मोठा फोटो. गणवेशातला, टोपीतला, छातीवर नावाची पट्टी असलेला. तोच आता कारखान्यातल्या फळीला पिनेने लावलेला होता.

ठकूबाई दाराबाहेरच्या बाकावर टेकली. "तुमी बघा. मी बसते हितं."

"आये, पोराचा पुतळा न बघता अंगठा देनार?" सोनालीने विचारलं.

"अंगठ्याला डोळे लागत नाहीत."

"बरं, मग ह्यो तरी बघा." सोनालीने पिशवीतून मोगऱ्याचा हार अर्धा वर काढून दाखवला. "पोलादपुरातनं ताजा घेतलाय. आज तरी जरा वेळ ऱ्हाऊ द्या."

ठकूबाईने हाराकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

हाराचं भांडण जुनं होतं. दर ३ जुलैला, १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला शाळेची मुलं, सरपंच, मुंबईचं ग्रामस्थ मंडळ घरी येऊन जानूच्या फोटोला हार घालत, आणि मंडळी अंगण उतरून बांधापर्यंत पोचायच्या आत ठकूबाई तो काढत असे. फुलं कुजली की काचेला डाग पडतात, हे तिचं कारण. एका वर्षी आलेले साहेब चष्मा विसरले म्हणून परत फिरले, तर हार शेळीच्या तोंडात. कोंडावर ठकूबाईच्या चिक्कूपणाच्या गोष्टी निघाल्या की पहिली ही असे.

आत दीपेशने चेहऱ्यावरचं ओलं फडकं उचललं.

मग बनुआत्या दोन पावलं पुढे गेली, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केली आणि म्हणाली, "झ्याक झालाय. फकस्त सोंड लावायची ऱ्हायली."

"आत्या!" सारिका ओरडली.

"नाय तर काय गो! बघ की, कसा आशीर्वाद देतोय."

दीपेश तिशीतला, मुंबईला शिकून आलेला. तो रागावला नाही. "आजी, वडिलांपासून आमचा हात गणपतीचा. डोळे जरा शांत येतात, मान्य आहे."

"आमचा जानू आन शांत? अरे बाबा, सात वर्सांचा व्हता तवा माज्या सासरी आला आन दुपारचे सगळे निजले बघून गोठ्यातली सगळी गुरं सोडली. का रे, म्हनले, तर म्हनतो, त्यांना पन सुट्टी. माजा नवरा संध्याकाळपातूर रानात रेडा हुडकत व्हता."

"पन डोंगर चढायला एक नंबर," सारिका म्हणाली. "पोलादपूरहून रेशनचा तांदूळ डोक्यावर घेऊन वर यायचा. आम्ही वाटेत बसलो की म्हणायचा, बसा, बसा, तवर मी जातो फुडं."

ते वाक्य काशीरामला नीट आठवत होतं, कारण बसणारा बहुतेक वेळा तोच असे. जानू गेल्यावर त्याच्या सुभेदाराचं पत्र आलं होतं, त्यातही तेच होतं. तुमचा मुलगा वरच्या ठाण्यावर पाण्याचे कॅन आणि दारूगोळा वाहत होता. आमच्यातला तो एकच, जो चढणीला बसत नसे. त्या दिवशी सकाळी दोन फेऱ्या झाल्या होत्या. तिसरीच्या वेळी खाली येताना त्याने एका जखमी जोडीदाराला पाठीवर घेतलं आणि निम्म्या वाटेवर तोफेचा गोळा पडला. जोडीदार वाचला आहे. महिपतने, काशीरामच्या वडिलांनी, ते पत्र कोणाकडून तरी रोज वाचून घ्यायचं, असं वर्षभर चाललं होतं.

"बाजूने बघा," दीपेश म्हणाला. "फोटो समोरूनच होता. कान, हनुवटी, मान, बाजूचं काहीच मिळेना. मग मी अक्षयचे फोटो काढले. सगळे म्हणतात ना, पुतण्या काकावर गेलाय."

अक्षय पुतळ्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने हनुवटी वर केली. "सेम टू सेम. काय मम्मी?"

"माज्या पोराला भावजींचं रूप मिळालं हे नशीब," सोनाली म्हणाली. "बापावर गेला असता तर..." तिने काशीरामच्या डोक्याकडे बघितलं आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. टक्कल दुपारच्या उन्हात चकाकावं तसं कारखान्याच्या पत्र्याखालीही चकाकत होतं. "खरं सांगते वन्स, मला दाखवायला आणलं ना, तवा भिंतीवर ह्यो फोटो बघितला. मनात म्हनलं, असा मानूस गेला आन माज्या वाटनीला कोन आलं, बघा."

हे तिने तेवीस वर्षांत कमीत कमी शंभर वेळा म्हटलं होतं. प्रत्येक वेळी सगळे हसत, आणि काशीराम सगळ्यांच्या मागून, थोडं उशिरा हसे.

कारण फोटो त्याचाच होता.

गोष्ट साधी होती. काशीराम दोनदा भरतीला गेला. दोन्ही वेळा पळण्यात पास झाला आणि छातीत अडकला. पाच सेंटीमीटर फुगायला हवी होती, साडेतीन फुगली. पुढच्या भरतीत जानू गेला आणि घेतला गेला. त्यानंतर काशीराम टपालाची पिशवी घेऊन कोंडोकोंडी हिंडू लागला, आणि जानूची पत्रं घरी आणण्याचं काम आपोआप त्याच्याकडे आलं. १९९९च्या शिमग्याला जानू अठरा दिवसांच्या रजेवर आला होता. तिसऱ्या दिवशी त्याने आपला गणवेश भावापुढे टाकला. "घाल. तुज्या छातीला बसतोय का बघू." बसला. जानू त्याला तसाच घेऊन महाडच्या एका स्टुडिओत गेला. फोटोग्राफर सांगत होता, हसू नका, शिपाई हसत नाही. आणि त्याच्या पाठीमागे उभा राहून जानू भरतीतल्या डॉक्टरची नक्कल करत होता. त्यामुळे फोटोत काशीरामच्या ओठांचा कोपरा जरासा वर गेलेला आहे. दाबलेलं हसू. पुढे सव्वीस वर्षं वक्ते त्या हसण्यावर दहा-दहा मिनिटं बोलले. मृत्यूकडेही हसत बघणारा हा वीर, असं म्हणत.

जानू गेल्याची तार आल्यावर काशीराम सरकारी जीपमधून त्याचा देह आणायला गेला. मागे भर पावसात एक वार्ताहर कोंड चढून आला आणि त्याने फोटो मागितला. महिपतने पेटी उघडली. आत लहान फोटो होते, एक मोठा होता. मोठ्यातल्या छातीवर जानूच्या नावाची पट्टी होती. त्याने मोठा दिला. दुसऱ्या दिवशी महाडच्या चहाच्या टपरीवर काशीरामने वर्तमानपत्र उघडलं आणि आपल्याच फोटोखाली 'शहीद' हा शब्द वाचला.

तेरावं झालं की आबांना सांगू, असं त्याने ठरवलं. तेराव्यापर्यंत महिपतने ते कात्रण घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायला सुरुवात केली होती. मग वर्षश्राद्ध झालं की सांगू. तोवर शाळेत तोच फोटो लागला. महिपत २००८ साली गेला तेव्हाही कात्रण खिशातच होतं. त्यानंतर सुरुवात कोणापासून करावी हेच काशीरामला कळेना. त्याने मिशा वाढवल्या. बाकीचं काम टकलाने केलं.

लोकांना फसवावं असं काही लागलंच नाही. दोघे भाऊ एकासारखे एक, त्यात टोपी, त्यात नावाची पट्टी. सगळ्यांनी तो फोटो इतक्यांदा बघितला की जानू हळूहळू निघून गेला आणि फोटो राहिला. काशीरामला सगळ्यात जास्त सलत होतं ते वेगळंच. अलीकडे डोळे मिटून जानू आठवायला गेलं की त्यालाही स्वतःचंच तरुणपणचं तोंड दिसे. उद्या साचा निघाला की ते ब्राँझचं होणार होतं. मग फाट्यावर एसटीतून उतरणारा प्रत्येक माणूस काशीरामच्या तोंडाला जानू म्हणणार, आणि जानूचं तोंड कुठेच नसणार.

"नाक बेस हाय," बनुआत्या म्हणाली. "उतेकरांचं नाक. आमच्या दादाचं, माजं, जानूचं. सरळ."

सारिका इतका वेळ पुतळ्यासमोरून हलली नव्हती. "कायतरी नाय जमलं," ती म्हणाली. "दादा, तू सांग ना. काय ते सांगता येत नाय, पन नाय जमलं."

"फोटोशी ताडून बघा," दीपेश म्हणाला. "एक रेघ इकडची तिकडे नाही."

"ते तर दिसतंय."

दीपेशने कागद पुढे केला. काशीरामने पेन घेतलं, 'का' लिहिला, काना जरा लांबवला आणि थांबला.

"पप्पा, नाव विसरलात काय?" अक्षय म्हणाला.

"आईचा अंगठा आधी घेतो," काशीराम म्हणाला आणि शाईचा डबा उचलून बाहेर गेला.

ठकूबाईने त्याच्या हातातल्या डब्याकडे बघितलं. "तू सही केलीस?"

"करतोय."

"करतोयस का केलीस?"

काशीराम तिच्याशेजारी बाकावर बसला. समोर रस्त्यात एक कुत्रं टेम्पोच्या सावलीत सरकत होतं. टेम्पो निघाला, सावली गेली, कुत्रं तिथेच राहिलं.

"आये, तो फोटो जानूचा नाय."

"हं."

"माजा हाय."

"मंग मला काय सांगतोस? मला काय डोळे नाहीत?" ठकूबाईने पदर सारखा केला. "जानूनं टोपी कवा सरळ घातली व्हती? शाळंत असल्यापास्नं त्याची टोपी कानावर. आन तू बघ फोटोत, फूटपट्टी लावून घातल्यासारखी. त्याच दिवशी वळखला."

काशीरामला एकदम शेळी आठवली.

"आये... हार?"

"मंग! जित्या मानसाच्या फोटोला हार ठेवू देऊ गळ्यात? तुज्या आयुष्याची काळजी मी नाय करायची तर कोन करनार? सरपंच?" ती जराशी चिडली होती. "लोकं म्हनतात ठकी चिक्कू. म्हनू देत. वर्सातनं तीनदा तुला मारायला येत व्हते, तीनदा मी वाचवला."

"मग बोललीस का नाय कवा?"

"तू का नाय बोललास?"

"आबांसाटी."

"मी पन येकदा सांगाया गेले. म्हनले, अवो, ह्यो फोटो... तर म्हनाले, बघ गो, कसा हसतोय." ठकूबाईने छातीवर हात ठेवून दाखवला. "त्येंचा हात असा खिशावर व्हता. मंग काय बोलनार?"

"आन आबा गेल्यावर?"

"त्ये गेल्यावर म्हनलं आता तू बोलशील. सतरा वर्सं वाट बघितली. पन तुजं लहानपनापास्नं तेच. चढन आली की बसलास."

काशीरामने शाईचा डबा उघडला, बंद केला. "आत्या जिवंत सोडायची नाय मला."

"मी हाय मागं. लैच झालं तर सोडवीन. ऊठ."

आत जाऊन सगळ्यांना सांगायला एक मिनिटही लागलं नाही. सव्वीस वर्षांच्या मानाने ते फारच थोडं होतं. सांगून झाल्यावर काशीराम गणपतींच्या रांगेकडे बघत उभा राहिला, कारण त्यांना अजून डोळे नव्हते.

पहिली सोनाली बोलली. "म्हंजे रोज सकाळी दिवा लावून मी तुमच्या पाया पडत व्हते?"

"फोटोच्या."

"फोटो कोनाचा?"

"माजा."

"आन वर नवस बोलले!" तिचा आवाज चढला. "भावजींना म्हनलं, ह्यांचे केस गळायचे थांबू देत, बाकी काय मागत नाय!"

"ज्याचं टक्कल त्यालाच नवस," बनुआत्या म्हणाली. "थांबंल कसं?"

अक्षयने पुतळ्याकडे बघितलं, मग बापाकडे, मग भिंतीला टेकवलेल्या आरशाच्या तुकड्यात स्वतःकडे. "मग मी काकावर नाय गेलो?"

"बापावर गेलायस, बाळा. आतापास्नं तेल लाव," बनुआत्या म्हणाली.

सोनालीला हसू आवरेना. ती हसत हसत थर्मास उघडायला वळली आणि तिला सारिकेचं तोंड दिसलं.

"सव्वीस राख्या," सारिका म्हणाली.

ती काशीरामकडे वळली.

"दर वर्सी तुला एक बांधली आन फोटोच्या खिळ्याला एक. म्हंजे तुला दोन-दोन मिळाल्या, दादा. आन त्याला एक पन नाय." ती रडत नव्हती, हे काशीरामला जास्त लागलं. "त्याची पेटी माज्या घरात बुडाली. चार वर्सं मी सगळ्यांची नजर चुकवत्ये. मनात म्हणायची, जाऊ दे, भिंतीवरचा तरी वाचलाय. आन तू रोज माज्या तोंडाकडं बघत व्हतास."

"चुकलं," काशीराम म्हणाला.

"येवढंच?"

"सारिके," दारातून ठकूबाईचा आवाज आला. ती आत येऊन पुतळ्यासमोर उभी राहिली. "त्याला घरी नेऊन काय सोलायचा तो सोल. मी इळा देते. हितं माती सुकतीये. मला जानूचा कान सांग."

"कान?"

"तू धरायचीस की. खांद्यावर बसून."

सारिकेचा डावा हात आपोआप वर उचलला गेला, हवेत काहीतरी धरल्यासारखा. "डावा," ती म्हणाली. "वळायचं असलं की मी डावा कान वढायची. बैलाची येसन वढतात तसा. उजवीकडं जायचं असलं तरी डावाच, मला कळायचं नाय. तो कान... असा बाहेर आला व्हता. आये, उजव्यापरीस बाहेर!"

दीपेशने लाकडी कोरणी उचलली, परत ठेवली आणि बोटांनी डावा कान मागून पुढे लोटला.

"अजून," सारिका म्हणाली. "अजून जरा. बस!"

ठकूबाईने हात पाण्यात बुडवला. दीपेश 'आजी, जपून' म्हणेपर्यंत तिचा अंगठा पुतळ्याच्या खालच्या ओठावर गेला होता. साठ वर्षं तांदळाच्या भाकऱ्या थापलेला अंगठा होता तो. ओठ खाली सरकला, जाड झाला, आणि ते दाबलेलं हसू पुसलं गेलं.

"जानू दाबून हसायचा नाय," ती म्हणाली. "हसायचा तर सगळे दात. नाय तर तोंड असं, रुसल्यासारखं."

"नाक," दीपेशने विचारलं, "नाक ठेवायचं?"

सगळ्यांनी बनुआत्याकडे बघितलं. तिने आधी छताकडे बघितलं, मग फळीवरच्या फोटोकडे, मग स्वतःचं नाक चिमटीत धरून बघितलं.

"बसव," ती शेवटी म्हणाली. "बसकं व्हतं. ठकीच्या म्हायेरचं. पाळण्यात व्हता तवाच मी दादाला म्हनले व्हते, पोरगं ग्वाड हाय पन नाक त्यांचं हाय."

"आन सव्वीस वर्सं उतेकरांचं म्हनून मिरवलंस ते?" ठकूबाईने विचारलं.

"मेल्यावर आमचं म्हनलं तर काय बिघडलं?"

दीपेशने नाक बसवलं. त्याचा हात आता भराभर चालत होता, गणपतीचा राहिला नव्हता. मधेच तो थांबला. "डोळे बदलू? गणपतीचे आलेत म्हणालात."

"ऱ्हाऊ देत," बनुआत्या म्हणाली. "येवढ्या वर्सांत जरा शांत झाला असंल."

काशीराम लांब उभा होता. आता आपल्याला कोणी काही विचारणार नाही, असं त्याला वाटलं, आणि ते बरोबरच होतं. मग त्याला दिसलं की उजवी भुवई अखंड आहे.

"दीपेश," तो म्हणाला. "हितं एक खाच पाडा. उजव्या भुवईत. कैरी पाडायला दगड मारला व्हता, तो ह्याला लागला."

"कोनी मारला व्हता?" सारिकेने विचारलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, पण विचारलं.

"मी."

"आये, आन तेव्हा तर म्हनालेला, जानू पडला!"

"ह्येचं पयल्यापास्नंच असं हाय," ठकूबाई म्हणाली.

सारिकेच्या नाकातून एक आवाज आला. त्याला हसू म्हणता आलं असतं किंवा नाही. थर्मासच्या झाकणात तिने चहा ओतला आणि काशीरामपुढे धरला. निम्माच भरलेला होता. त्याने घेतला.

शेवटी टोपी राहिली. ठकूबाईने दोन्ही हात तिच्या कडांवर ठेवले आणि शाळेला निघालेल्या मुलाची टोपी ओढावी तशी ती डाव्या कानावर ओढली. कान तिच्याखालून बाहेर आला.

आणि कारखान्यात जानू होता.

चालताना दम न लागणारा, रुसल्यासारख्या तोंडाचा, आता कोणाची तरी नक्कल करणार अशा बेतात असलेला. काशीरामने चहा खाली ठेवला. इतकी वर्षं आपण हे तोंड विसरलो असं तो समजत होता. विसरला नव्हता. ते फक्त त्याच्या स्वतःच्या तोंडामागे उभं होतं.

"हाच," सारिका म्हणाली. "हाच तो." मग ती भावाकडे वळली. "कर आता सही. कान्याच्या फुडं काय येतं ते लिव."

काशीरामने सही पुरी केली. ठकूबाईने अंगठा शाईत न बुडवता कागदावर टेकवला. मातीचा ठसा उमटला. दीपेश म्हणाला, चालेल.

सोनालीने पिशवीतून मोगऱ्याचा हार काढला आणि सवयीने सासूकडे बघितलं. ठकूबाईने मान डोलावली.

"ह्येला दे. घाल रे."

काशीरामने हार घेतला आणि पुढे झाला.

"काका, थांबा," दीपेश म्हणाला. "माती ओली आहे. खांदे दबतील."

काशीराम हार हातात घेऊन थांबला. त्याने आईकडे बघितलं.

"मंग वरच्यावर धर," ठकूबाई म्हणाली. "टेकवू नको."

त्याने दोन्ही हातांनी हार जानूच्या गळ्याभोवती धरला, मातीपासून दोन बोटं लांब. मोगऱ्याचा वास ओल्या शाडूच्या वासात मिसळला. अक्षयने मोबाइल काढला. बनुआत्याने सोनालीला पुढे ढकललं आणि स्वतः तिच्या पुढे उभी राहिली. फोटो झाला, आणखी एक झाला. काशीरामच्या खांद्यांना रग लागली.

"आये, किती वेळ धरू?"

ठकूबाई गणपतींच्या रांगेसमोरच्या स्टुलावर बसली होती. तिने पाय सोडले, पाठ भिंतीला टेकली.

"सव्वीस वर्सं मी काढला," ती म्हणाली. "आता तू धर."